मिठागरातल्या जिवाणूची मी डायरेक्टर

उन्हाळ्यात आमच्या कराडचे लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, फारच हौशी असले तर उटीला जातात. मीरा रोडला कुणी जात नाही. त्यामुळं परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय, "बाई, तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" मी सांगायला लागते आणि दोन वाक्यांत माझी गाडी रुळावरून घसरते. मिठागर बघितलं, समुद्र बघितला, बकऱ्याचं कातडं बघितलं आणि एका कंपनीची डायरेक्टर झाले. यातल्या मिठागराचा आणि समुद्राचा अर्थ लागतो. बाकीच्याचा अजून लागलेला नाही. म्हणून म्हटलं, सगळं ओळीनं लिहून काढावं. तुम्हाला तरी कळलं तर बघा.

जन्मभर मी भूगोल शिकवला. "ठाणे जिल्ह्यात मिठागरे आहेत" हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा लिहिलं असेल की खडू घेतला की हात आपोआप तिकडंच वळायचा. पण मिठागर कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. या वर्षी निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन घरी बसले, तोच विनूचा फोन. विनू माझा धाकटा भाऊ. मुंबईत एका संशोधन संस्थेत जिवाणूंच्या आनुवंशिकीवर काम करायचा आणि मीरा रोडच्या शांती नगरात राहतो.

"अक्का, नोकरी सोडली. कंपनी काढतोय."

"कसली?"

"एक जनुक सापडलंय. त्याची."

खारीक-खोबऱ्याची म्हणाला असता तर कळलं असतं. "अरे, जनुकाची कंपनी म्हणजे तुम्ही विकणार काय?"

"ते तू आलीस की सांगतो. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात. मीनल बँकेत आहे, तिला होता येत नाही. तू हो."

आमच्या घरात आजवर कुणी पानपट्टीसुद्धा चालवलेली नाही. यजमान म्हणाले, "जाऊन ये. डायरेक्टरला जेवायला तरी घालतील." म्हणून गेले. एस.टी.चे हाल सगळ्यांनाच माहीत आहेत, ते सोडून देते.

शांती नगर

सकाळी जाग आली ती बादल्यांच्या खडखडाटानं. खिडकीतून बघते तर खाली पाण्याचा टँकर आणि भोवती अख्खी सोसायटी, कुणी लुंगीत, कुणी गाऊनवर ओढणी टाकून. आमच्याकडं दोन नद्या घराच्या अंगणात येऊन मिळाल्यासारख्या, तिथं पाण्यासाठी पळायची सवय कुठली? मी तांब्या घेऊन खाली गेले. मीनल, म्हणजे विनूची बायको, जिन्यातच हसायला लागली. "वन्सं, तांब्या नको, पिंप आणा!"

दुसरं नवल भाषेचं. मजल्यावर एक गुजराती, एक यूपीवाले, एक केरळचे आणि आम्ही. सगळे एकमेकांशी हिंदी बोलतात, ते साहजिकच आहे. पण भाजीवाल्याला मी मराठीत विचारलं, "गवारी कशी दिली?" तर तो हिंदीत. मी पुन्हा मराठीत, तो पुन्हा हिंदीत. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अरे, गाव कुठलं तुझं?" तर पाटणचा! आमच्या कराडच्या शेजारचा! "सवय झाली हो बाई," म्हणून लाजला आणि कोथिंबिरीची काडी जास्त टाकली.

त्या दिवशी जेवताना विनूनं मला जनुक समजावलं. त्याचं म्हणणं असं की मिठागरातल्या खाऱ्या पाण्यात एक जिवाणू राहतो. इतर जिवाणू मिठात मरतात, म्हणून तर लोणचं टिकतं. हा मरत नाही. तो एक एन्झाइम सोडतो, म्हणजे प्रथिनं विरघळवणारा रस म्हण. त्याच्या एका जनुकात विनूनं बदल केला आणि तो हा रस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोडायला लागला.

"बरं, मग?"

"कातडं कमावायला आणतात ते मीठ लावूनच आणतात. केस काढायला चुना, रसायनं, नुसती घाण. साधी एन्झाइम मिठात चालत नाहीत. आपलं चालतं!"

"आपलं" म्हणताना त्याचा चेहरा लहानपणी पतंग वर गेल्यावर व्हायचा तसा झाला होता. पण आपलं म्हणजे कुणाचं, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला. संस्थेनं म्हणे 'आम्हाला यात रस नाही' असं सांगून टाकलं होतं. मीनल शांतपणे पोळ्या लाटत होती. घर सध्या तिच्या एकटीच्या पगारावर चाललंय हे मला कुणी सांगितलं नाही, पण तिच्या लाटण्याच्या आवाजावरून कळलं.

मोरवा

दुसऱ्या दिवशी आम्ही भाईंदर पश्चिमेला मोरव्याला गेलो, जिथून विनूनं पहिल्यांदा ते पाणी नेलं होतं. भास्कर पाटील म्हणून तिथले जुने जमीनवाले. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता एक मुलगा नोकरीत, एकाचं बांधकामाचं सामान. पण म्हातारा अजून मिठावर जातोच.

काय सांगू तुम्हाला! नजर पोचेल तिथपर्यंत चौकोनी वाफे, पाणी कुठं पांढरं, कुठं करडं आणि एका कोपऱ्यात चक्क गुलाबी. लांब दांड्याच्या फावड्यांनी माणसं मीठ ओढत होती आणि कडेला ढीग लागले होते. फळ्यावर लिहिलेल्या त्या वाक्यात हा गुलाबी रंग कुठंच नव्हता. ऊन असं की डोळे उघडवेनात. मी चप्पल काढून वाफ्याच्या कडेला पाय टाकला आणि टाचेच्या भेगांत मीठ गेलं. आई गं! नाचायचीच बाकी राहिले.

"तो गुलाबी रंग दिसतो ना," विनू म्हणाला, "ते सगळे मिठातले जिवाणू आहेत. आपला पण त्यांच्यातच."

पाटीलबाबा मजेत ऐकत होते. "बाई, ह्यो तुमचा भाव बाटलीन पानी भरून नेला तवा मी समजलो, पोटदुखीचा औषध करतो. आता सांगतो, कंपनी हाय. मीठ आमचा, किरा आमचा आन् कंपनी तुमची?"

विनू गोरामोरा झाला. "बाबा, तुम्हाला शेअर देतो ना."

"शेअर नको रं. शेअर भाकरीबरोबर खाता येत न्हाय." म्हातारा खो खो हसला आणि आम्हाला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. भाकरी इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीनं मान खाली घालावी. परत येताना मी विनूला म्हटलं, "त्यांनी विचारलं त्यात चूक काय आहे?" तो म्हणाला, "चूक काहीच नाही. पण जनुकातला बदल मी केलाय." मला दोघांचंही पटलं आणि त्यामुळं डोकं जास्तच दुखायला लागलं.

डोंगरी आणि उत्तन

शुक्रवारी बसनं डोंगरीला. हे मात्र खरं प्रवासाला आल्यासारखं. वारा, माड, चर्च, आणि उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. मी मासे खाते, पण कृष्णेतले. या वासानं आधी पदर नाकाला लावला आणि थोड्या वेळानं विसरूनही गेले.

डोंगरीत विनूच्या ओळखीच्या परेरा टीचर राहतात, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. साठीकडं झुकलेल्या, फुलाफुलांचा फ्रॉक, बोलणं ठसक्यात. त्यांनी फुगे खायला दिले. म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आमच्याकडच्या गुलगुल्यांचे चुलत भाऊ, पण गोड नाहीत.

"सर, तुमच्या त्या नव्या जिवाणूचं कल्चर मला द्याल?" टीचरनी विचारलं. कल्चर म्हणजे नळीत वाढवलेले जिवंत जिवाणू, एवढं मला तोवर कळलं होतं. "जुना माझ्याकडं आहे, तुम्हीच दिलेला. नवा शेजारी ठेवला की पोरांना दिसेल, एका जनुकानं काय फरक पडतो तो. आमची पोरं याच मिठात वाढलीत. त्यांना वाटतं, सायन्स म्हणजे अमेरिकेत असतं."

"अहो, त्यात विचारायचं काय! सोमवारी सकाळी या, देतो."

मला फार छान वाटलं. टीचर-टीचर आम्ही, शाळेचे नकाशे आणि पृथ्वीचे गोल असेच मागून-आणून चालवलेले. बसमध्ये मी विनूला म्हटलं, "असं कुणीही मागितलं तरी देतोस?"

"देतोच. आमच्या सरांनी मला शिकवलंच ते. जगात कुणीही पत्र टाकलं की कल्चर पाठवायचं. मलाही पहिलं कल्चर असंच मिळालं, फुकट, पोस्टानं. ही आमची रीत आहे अक्का."

गाळा

शनिवारी एक भानगड झाली. रविवारी किर्तीभाई येणार होते. ते रंग-रसायनांचे व्यापारी. कंपनीत भांडवल घालायचं की नाही हे ते ठरवणार होते. त्यांनी हो म्हटलं तर कंपनी, नाही म्हटलं तर विनू चाळिशी ओलांडून घरी बसलेला माणूस. त्यांना दाखवायला मीठ लावलेलं बकऱ्याचं कातडं आणलं होतं, पण औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या गाळ्यात वीज गेली, तिथला फ्रिज बंद पडला, म्हणून विनूनं ते घरच्या न्हाणीघरात गारव्याला आणून ठेवलं. मे महिना! संध्याकाळपर्यंत मजल्यावर वास सुटला. सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "बहनजी, ये स्मेल कैसा है?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "फणस! गाँव से पका फणस आया है."

"अच्छा, कटहल!" ते म्हणाले आणि गेले. पाच मिनिटांत त्यांच्या सौभाग्यवती ताटली घेऊन हजर, "थोडा गरा मिलेगा?" शेवटी मीनल स्टेशनजवळून खरंच फणस घेऊन आली आणि सगळ्या मजल्याला वाटला. कंपनीचा पहिला खर्च तो.

रविवारी संध्याकाळी गाळ्यावर गेलो. पांढरे कपडे, कपाळाला चंदन, बोलणं मवाळ, असे किर्तीभाई. नाकाला रुमाल लावून उभे राहिले. डेअरीवाल्यांसाठी दुधाच्या टाक्या करणाऱ्या एका कारागिराकडून विनूनं स्टीलचं भांडं करून घेतलं होतं, त्यात तो रस तयार होत होता. वीज आल्यावर कातडं रात्रीच गाळ्यावर परत नेलं होतं आणि तेव्हापासून ते त्या रसात भिजत होतं. विनूनं ते बाहेर काढलं आणि अंगठा फिरवला. केस चक्क निघून आले, खाली गुळगुळीत, गोरं कातडं. मी टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा वेळ जे नुसतं ऐकत होते ते समोर दिसलं.

किर्तीभाईही खूश. "बहुत अच्छा, डॉक्टरसाब. अब एक बात बताओ. ये कल्चर और किसके पास है?"

विनूचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, आता आपली शान सांगायची वेळ आली. "अरे, बहुत लोगों के पास! नागपूर, मदुराई, जपान में भी भेजा है. जिसने माँगा, सबको दिया."

किर्तीभाईंनी रुमाल नाकावरून खाली घेतला. आता वासाचं भान त्यांना राहिलं नव्हतं. "सबको?"

"पुराना वाला," विनू चाचरला. "नया अभी किसी को नहीं दिया. कल सुबह एक टीचर आनेवाली हैं..."

"उनको भी देंगे?"

"माँगा है उन्होंने."

बिचारे किर्तीभाई. स्टुलावर बसले. मग समजुतीनं म्हणाले, "डॉक्टरसाब, देखो. मैं पैसा किस चीज पर लगाऊँ? जो आपके पास है और दूसरे के पास नहीं है, उसी का नाम कंपनी है. टीचर अच्छी होंगी. उनका कोई स्टुडेंट कल किसी फॅक्टरी में लगेगा, जेब में ट्यूब लेके जाएगा. फिर? एक को भी मत दो. हाँ बोलो, तो कल वकील पेपर लेके आता है."

विनू म्हणाला, "मागितल्यावर नाही म्हणायचं, हे आमच्यात होत नाही हो." मराठीतच म्हणाला, भान नव्हतं त्याला.

किर्तीभाई माझ्याकडं वळले. "बेन, आप भी डायरेक्टर हो. आप बोलो."

माझं कपाळ! मी काय बोलणार? बाहेर दिवे लागले होते. तोंडाला आलं ते बोलले. "आमच्याकडं दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. मतलब, दही जमाने का. शाम को नहीं देते."

किर्तीभाई हसले. "हमारे यहाँ भी मेळवण नहीं देते शाम को." मग हसू ओसरलं. "लेकिन बेन, सुबह तो देते हैं ना? वही तो लफडा है."

सोमवार

सकाळी चहाच्या वेळी विनू म्हणाला, "अक्का, मी देणार. शब्द दिलाय." कप संपेपर्यंत म्हणाला, "नाही देत. नोकरी तर सोडून बसलोय." बशी विसळेपर्यंत पुन्हा, "पण शब्द दिलाय ना गं." मीनल बँकेची पर्स खांद्याला लावून उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा चिडली.

"ह्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही, वन्सं. नागपूरला नाही, जपानला नाही. फक्त मला नाही म्हणता येतं. सुट्टीत फिरायला जाऊ म्हटलं, नाही. नवा पंखा घेऊ म्हटलं, नाही. आता कंपनी पण नाही?" डोळे पुसले आणि गेली.

मला दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला. टीचरना कल्चर द्यावं तर मीनल कुठवर ओढणार हा गाडा? न द्यावं तर ज्या रीतीनं विनू घडला तीच मोडायची? माझ्या भूगोलात याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली.

विनू उठला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. "तू सांग," एवढंच म्हणाला आणि दार लोटलं.

दारात परेरा टीचर. एका हातात थर्मास, एका हातात पिशवी. "बर्फ आणलाय," थर्मास दाखवून म्हणाल्या. "बसमध्ये गरम होतं ना, कल्चर मरायला नको. आणि हे ताडगोळे तुम्हाला. कराडला कुठं मिळणार?" घामानं डबडबल्या होत्या. "जरा पाणी द्याल?"

मी फ्रिज उघडला. पाण्याच्या बाटलीशेजारी, लिंबाच्या लोणच्याला टेकून, कापसाचं बूच लावलेली नळी उभी होती. वर विनूच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता, 'परेरा टीचर'. ती त्यानं शुक्रवारी आल्या आल्या करून ठेवली असणार. देवाशपथ सांगते, तोपर्यंत मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. माझा हात नळीपर्यंत गेलाही. मग मी बाटली घेतली आणि फ्रिज लावला.

त्यांनी पाणी पिईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "टीचर, कल्चर आता देता येणार नाही. कंपनी होतेय ना, त्यामुळं. कुणालाच द्यायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?" भांडणाचा सूर नव्हता. साधं विचारलं त्यांनी.

"मी," मी म्हटलं. "मी डायरेक्टर आहे."

त्यांनी लोटलेल्या दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना? नाही, म्हणजे सर कधी नाही म्हणत नाहीत. म्हणून म्हटलं, आजारी आहेत का."

"बरे आहेत."

"जपा त्यांना." थर्मासचं झाकण उघडून त्यांनी बर्फ मोरीत ओतला. "आता उगाच कशाला वाहून नेऊ," म्हणाल्या. ताडगोळ्यांची पिशवी परत द्यायला गेले तर घेतली नाही. थँक्यू म्हणून जिना उतरून गेल्या.

विनू बाहेर आला. "गेल्या?"

"गेल्या."

"रागावल्या?"

"नाही. तुझी तब्येत विचारत होत्या."

मी फोन लावला. किर्तीभाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. "नहीं दिया," मी म्हटलं.

"शाब्बास बेन! दोपहर को वकील आता है. अब हुई कंपनी." त्यांचा आवाज मनापासून खूश होता.

मी फोन ठेवला आणि वळले. विनूनं ती नळी फ्रिजमधून काढली होती आणि ओट्याशी उभा राहून नखानं ते नाव खरवडत होता. कागद घट्ट बसला होता, निघत नव्हता.